प्रस्तावना : सहा ककार आणि सातवा प्रश्न

चांगली बातमी वाचताना ती कोणी तरी लिहिलेली आहे, याची वाचकाला आठवणही होत नाही. कथा वाचताना कथाकार जाणवतो, अग्रलेख वाचताना संपादकाचा आवाज ऐकू येतो. पण धरणातून किती पाणी सोडले, परीक्षा का पुढे ढकलली, लासलगावला कांद्याचा भाव किती उतरला, हे वाचताना आपण थेट त्या घटनेपाशी जाऊन पोचतो. मध्ये कोणी उभे होते, त्याने दोन-चार फोन केले, कागद तपासला, लिहिलेली दोन वाक्ये खोडली, हे ध्यानात येत नाही. हे काम दिसत नाही, म्हणूनच बातमी लिहिणे सोपे वाटते आणि त्याचा अभ्यास करावा असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत पुस्तक त्या न दिसणाऱ्या कामाविषयी आहे.

ते लिहिले आहे मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी. पत्रकारितेची पदविका घेणारे, मराठी हा विषय घेऊन माध्यमांसाठी लेखन शिकणारे, महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी पहिली बातमी लिहिणारे आणि तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या दैनिकाला मजकूर पाठवणारे तरुण वार्ताहर, असा वाचक डोळ्यांसमोर आहे. पण ज्याला पत्रकार व्हायचे नाही, अशा वाचकानेही ते उघडून पाहावे. बातमी कशी तयार होते हे एकदा कळले की बातमी वाचण्याची रीत बदलते. आणि दिवसभर हातातल्या फोनवर बातम्या येऊन पडण्याच्या या काळात ती रीत सगळ्यांच्याच उपयोगाची आहे.

या विषयाला मराठीत मोठी परंपरा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा ते जेमतेम विशीच्या आसपास होते. एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी अशी त्या पत्राची मांडणी होती. वृत्तपत्र वाचण्याची सवयच नसलेल्या समाजात त्यांनी ते साडेआठ वर्षे चालवले. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन म्हणून पाळतात तो त्याच्या स्मरणार्थ. पुढे भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मधून १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे येऊ लागली. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला आणि नंतर नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईतून चालवून गिरणी कामगारांची दुःखे छापली. १८८१ मध्ये ‘केसरी’ आला, १८८८ मध्ये आगरकरांचा ‘सुधारक’. रा. के. लेले यांच्या ‘मराठी वृत्तपत्रांचा इतिहास’ या ग्रंथात हा प्रवास विस्ताराने वाचायला मिळतो, म्हणून येथे त्याची पुनरावृत्ती केलेली नाही.

मात्र या परंपरेची एक बाजू विद्यार्थ्याने सुरुवातीलाच ओळखून घ्यावी. यातली बहुतेक पत्रे मतपत्रे होती. समाजाला काय वाटायला हवे, हे सांगण्यासाठी ती निघाली होती आणि बातमी त्यांत असली तरी मताच्या सोबतीने येत असे. बातमीसाठीच दैनिक काढायचे, ही कल्पना मराठीत ठसठशीतपणे रुजवली ती डॉ. ना. भि. परुळेकर यांनी. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला, म्हणजे ‘दर्पण’ला शंभर वर्षे पुरी व्हायला पाच दिवस उरले असताना. अग्रलेखाच्या धारेपेक्षा त्यांनी बातमीदारांच्या जाळ्यावर भर दिला. गावोगावचे वार्ताहर जोडले. नगरपालिका, बाजार, रस्ते, पाणी हे विषय पानावर आणले. सामान्य माणसाच्या रोजच्या आयुष्यात घडते तेही वृत्त असते, हे आज आपल्याला उघड वाटते. मराठी वृत्तपत्रांत ते उघड व्हायला शंभर वर्षे लागली.

या पुस्तकाचा विषय येथून सुरू होतो. मत मांडायला बुद्धी लागते, भाषा लागते, कधी धैर्यही लागते. बातमीला हे सगळे लागतेच, शिवाय आणखी एक गोष्ट लागते. ती कोणती, हे सांगण्याआधी एक नमुना पाहू. नमुना कल्पित आहे, पण कोणत्याही जिल्हा कार्यालयात अशी कॉपी रोज येते.

एका गावची ग्रामसभा झाली. नवखा वार्ताहर लिहून पाठवतो : ‘येथील ग्रामपंचायतीची ग्रामसभा शनिवार दि. २ मे रोजी सकाळी ठीक ११ वाजता सरपंचांच्या अध्यक्षतेखाली खेळीमेळीच्या वातावरणात संपन्न झाली. प्रारंभी मान्यवरांच्या शुभहस्ते प्रतिमापूजन करण्यात आले. ग्रामसेवकांनी मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवले.’ असे करत करत सातव्या ओळीत कळते की, सार्वजनिक विहिरीत महिनाभर पुरेल एवढेच पाणी उरले आहे. आठव्या ओळीत कळते की, सोमवारपासून नळाला दिवसाआड पाणी सोडायचे ठरले. नवव्या ओळीत आभारप्रदर्शन आणि अल्पोपाहार.

डेस्कवरचा उपसंपादक वरच्या सहा ओळींवर काट मारतो आणि इंट्रो म्हणजे बातमीची सुरुवात नव्याने लिहितो : ‘गावाला सोमवारपासून (४ मे) नळाचे पाणी दिवसाआड मिळेल. सार्वजनिक विहिरीत महिनाभर पुरेल एवढेच पाणी उरल्याने ग्रामसभेने शनिवारी हा निर्णय घेतला.’ दोन वाक्यांत काय, कोण, कुठे, कधी, का आणि कसे या सहा ककारांपैकी बहुतेकांची उत्तरे आली. जे वाचकाला आधी हवे ते आधी आले. पानावर जागा कमी पडली आणि बातमी खालून कापावी लागली, तर आभारप्रदर्शन जाईल. पाणी जाणार नाही. उलटा पिरॅमिड म्हणतात तो हाच. ही रचना तारेच्या आणि खिळे जुळवण्याच्या काळात रूढ झाली, पण मोबाइलच्या पडद्यावर पहिल्या दोन ओळी वाचून पुढे सरकणाऱ्या आजच्या वाचकालाही ती तितकीच सोयीची आहे.

बऱ्याच वर्गांत धडा येथे संपतो. पण मुरलेला मुख्य उपसंपादक येथे थांबत नाही. तो फोन उचलतो आणि वार्ताहराला विचारतो, ‘महिनाभर पुरेल, हे कशावरून?’ विहिरीची पातळी कोणी मोजली? पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने, की सभेत कोणी तरी बोलून गेले? मागच्या वर्षी याच सुमारास किती पाणी होते? टँकरची मागणी तहसीलदारांकडे गेली आहे का? या फोननंतर बातमीत एक नवे वाक्य येते : पाणी किती उरले हे कोणी सांगितले आणि ते त्याला कसे कळले. त्या एका वाक्याने बातमीचे वजन बदलते.

‘कशावरून’ हा सातवा प्रश्न या पुस्तकाचा कणा आहे. पहिले सहा प्रश्न घटनेला विचारायचे असतात. सातवा बातमीदाराने स्वतःला विचारायचा असतो. मतपत्राचा लेखक ‘मला असे वाटते’ म्हणून थांबू शकतो. बातमीदाराला ती मुभा नाही. मत मांडणाऱ्यापेक्षा बातमीदाराला जास्तीचे लागते ते हेच : प्रत्येक विधानाच्या मागे बोट दाखवता येईल असा आधार.

हा प्रश्न विचारायचा राहिला तर काय होते, याचा धडा मराठी पत्रसृष्टीला फार लवकर मिळाला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्ष होते न होते तोच त्यांनी कोल्हापूर संस्थानच्या कारभाराविषयी मजकूर छापला. तरुण महाराजांना दिवाण माधवराव बर्वे वाईट वागवतात, असा त्याचा रोख होता आणि त्याला आधार होता काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तकही लिहिले. या दोघांच्या हेतूविषयी तेव्हाही शंका घेतली गेली नाही आणि सुटल्यावर लोकांनी त्यांचा सत्कारच केला. पण विद्यार्थ्याने या प्रकरणाकडे वेगळ्या नजरेने पाहावे. हेतू निर्मळ होता, विषय महत्त्वाचा होता, लेखणी समर्थ होती. कागद मात्र खोटा होता. इतक्या मोठ्या माणसांनाही जे चुकले नाही, ते आपल्याला चुकेल असे कोणी समजू नये.

आकड्यांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी कठीण होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हा किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेत होती. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. मिरवणुकांच्या बातम्या लावून दमलेल्या कार्यालयांना काही तासांत पुन्हा उभे राहावे लागले. दगडामातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली होती, रस्ते भरून गेले होते आणि मृतांचा आकडा तासातासाला बदलत होता. आजही वेगवेगळ्या नोंदींत तो सुमारे ८ हजारांपासून १० हजारांपर्यंत आढळतो. अशा वेळी बातमीदाराने काय करावे? सर्वांत मोठा आकडा उचलून मथळा सजवू नये आणि आकडाच टाळूनही चालणार नाही. आकडा कोणाचा आणि किती वाजेपर्यंतचा, या दोन गोष्टी त्याच्या शेजारी द्याव्यात. ‘जिल्हा प्रशासनाने रात्री आठपर्यंत दिलेल्या माहितीनुसार’ हे शब्द रुक्ष वाटतात खरे. पण उद्या आकडा बदलला तरी आजची बातमी खोटी ठरत नाही, ती त्यांच्यामुळेच.

भाषेविषयी एक स्वतंत्र प्रकरण पुस्तकात आहे आणि ते मोठे आहे. मराठी बातमीची भाषा दोन ठिकाणी अडकते. एक अडचण सरकारी पत्रकाची : ‘करण्यात आले’, ‘देण्यात आली’, ‘राबविण्यात येत आहे’. या वाक्यांत कर्ता हरवतो आणि कर्ता हरवला की ‘कोण’ हा ककारही हरवतो. ‘झाडे तोडण्यात आली’ असे लिहिले की तोडणारा सुटतो. दुसरी अडचण वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुराची. तो रात्री घाईघाईने मराठीत आणताना एकेका वाक्यात चार-चार उपवाक्ये कोंबली जातात. मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे लांबलेल्या वाक्यात काय घडले हे कळायला वाचकाला ओळीच्या टोकापर्यंत थांबावे लागते. उपाय साधा आहे. वाक्य तोडावे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचावे. जेथे दम लागेल तेथे पूर्णविराम द्यावा. ‘संपन्न झाला’ऐवजी ‘झाला’ आणि ‘शुभहस्ते’ऐवजी ‘हस्ते’ लिहिल्याने कोणाचाही मान कमी होत नाही.

गुन्हे आणि न्यायालय यांच्या बातम्यांत शब्दाची चूक ही माणसाची चूक होते. गुन्हा दाखल झाला म्हणजे तक्रार नोंदली गेली, एवढेच. पोलिसांनी ज्याला पकडले तो संशयित. न्यायालयाने निकाल देईपर्यंत तो दोषी नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ तेच बंधन घालते. नाव न देता गल्लीचे, शाळेचे, वडिलांच्या दुकानाचे वर्णन देणे, हीसुद्धा ओळख उघड करणेच होय. विद्यार्थ्यांनी ही कलमे पाठ करण्यापेक्षा त्यांमागचे कारण समजून घ्यावे. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. ज्याच्याविषयी ती असते, त्याला त्याच गावात राहायचे असते.

कायदा फक्त अडवतो असे नाही, हातही देतो. माहितीचा अधिकार कायदा, २००५ हे बातमीदाराचे मोठे साधन आहे. महाराष्ट्रात तर राज्याचा स्वतःचा कायदा त्याआधीच, २००२ मध्ये आला होता. १० रुपये शुल्क भरून कोणीही नागरिक अर्ज करू शकतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारणपणे १५० शब्दांत असावा लागतो. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते. विद्यार्थ्याने तिच्याकडे सराव म्हणून पाहावे. नेमका कोणता कागद, कोणत्या वर्षाचा, कोणत्या कार्यालयातला, हे १५० शब्दांत लिहिता आले की ‘कशावरून’ विचारायची अर्धी कला साधली.

कोणी म्हणेल, वृत्तपत्रांचे दिवस सरत आले असताना हे सारे शिकून काय उपयोग? याचे उत्तर धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या या गावात जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातले होते, पोटासाठी सोलापूरकडून आले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून फिरत होती. त्या निरोपांत काय, कोण, कुठे अशी सगळी उत्तरे असत. कधी छायाचित्रही असे. कशावरून, याचे उत्तर नसे आणि ते मागितलेही गेले नाही. छापखाना बंद झाला तरी या प्रश्नाची गरज संपणार नाही. पूर्वी तो विचारायला संपादकीय विभाग होता. आज निरोप पुढे पाठवणारा प्रत्येक जण एका अर्थी प्रकाशक आहे, पण त्याच्या हाताशी उपसंपादक नाही.

आणखी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. कोणती घटना बातमी ठरते, हे ठरवणारा कोण, हाही अभ्यासाचा भाग आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, तेव्हा मराठीत पत्रांची वाण नव्हती. वाण होती ती अस्पृश्य समाजाची सुखदुःखे त्यांच्या बाजूने मांडणाऱ्या जागेची. जे कोणी छापत नाही ते घडलेच नाही असे होत नाही. फक्त इतरांना ते कळत नाही. म्हणून आपल्या डायरीत कोणाकोणाचे फोन नंबर आहेत, हे बातमीदाराने अधूनमधून तपासावे. त्यात फक्त पदाधिकारी आणि पोलीस ठाणी असतील, तर त्याच्या बातम्याही तेवढ्याच जगाच्या असतील.

पुस्तकाची मांडणी सोपी ठेवली आहे. पहिल्या भागात बातमीची रचना आहे : मथळा, इंट्रो, तपशील, पार्श्वभूमी, चौकट. दुसऱ्या भागात बीट म्हणजे काय आणि महापालिका, शिक्षण, आरोग्य, शेती, न्यायालय अशा क्षेत्रांत माहिती कोठे मिळते, हे सांगितले आहे. तिसरा भाग डेस्कचा आहे. कॉपी कशी तपासतात, लांब गावांना जाणारी डाक आवृत्ती आधी का सुटते आणि शहर आवृत्ती शेवटपर्यंत का उघडी ठेवतात, हे त्यात येईल. चौथ्या भागात कायदा आणि नीती आहे. घाई असलेल्या वाचकांनी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल, पण चौथा भाग कोणी शेवटासाठी राखून ठेवू नये. तो पहिली बातमी छापून येण्याआधी वाचायचा आहे.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सराव दिला आहे. तो करताना एक शिस्त पाळा. बातमी लिहून झाली की तिच्यातल्या प्रत्येक विधानाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि समासात त्याचा आधार लिहा : पाहिले, ऐकले, कागदावर वाचले. ऐकले असेल तर कोणाकडून, तेही लिहा. ज्या रेघेसमोर समास कोरा राहील, ते विधान एक तर तपासा, नाही तर खोडा. सुरुवातीला अर्धी बातमी खोडली जाईल. त्याने खट्टू होऊ नका. उरलेली अर्धी तुमची असेल आणि तिच्याविषयी कोणी जाब विचारला तर तुम्हाला तो देता येईल.

पुस्तकातून बातमी शिकता येते ती एका मर्यादेपर्यंतच, हे या पुस्तकालाही लागू आहे. म्हणून हे पान उलटण्याआधी एक करा. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा किंवा तुमच्या वॉर्डातल्या महापालिका कार्यालयाची पुढची बैठक कधी आहे ते विचारून घ्या. वही घेऊन तिथे जा, शेवटपर्यंत बसा आणि त्याच संध्याकाळी दीडशे शब्दांची बातमी लिहा. मग पहिले प्रकरण उघडा.